रापणीचा वाटा: तोंडवळीच्या किनाऱ्यावर चार दिवस

"समुद्रावर जाऊ या कुठेतरी," असं सुधीर म्हणाले, तेव्हा मी मंडईतून आणलेली मेथी निवडत बसले होते. जानेवारीतली सकाळ, पुण्यात बऱ्यापैकी थंडी. मी विचारलं, "कुठे?"

"कोकणात. एखाद्या गावात. जिथे आपल्याला कोणी ओळखत नसेल."

एवढं बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. मी मेथी तशीच ठेवली आणि फोन हातात घेतला. गेल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

सुधीर म्हणजे माझे यजमान. वय सदुसष्ट. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत आरेखक म्हणून केली. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढले, तेही संगणक यायच्या आधीपासून, हाताने. दोन वर्षांपूर्वी त्याच उजव्या हाताला कंप सुटला आणि डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं नाव घेतलं. औषधं चालू आहेत. चालणं जरा मंदावलंय, पण चालतात. हात मात्र थरथरतो, आणि कोणी बघतंय असं वाटलं की जास्तच थरथरतो. त्यामुळे चारचौघांत जेवणं त्यांनी बंद केलं. आधी लग्नकार्यं सुटली, मग मित्रांबरोबरचा रविवारचा डोसा सुटला. हळूहळू त्यांच्या वतीने बोलायचं कामही माझ्याकडे आलं. लोक त्यांच्या देखत मला विचारतात, "यांना साखर चालते ना?" आणि मी सांगते, "अर्धा चमचा." मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बायको आहे, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

त्यामुळे हॉटेल नको, घरगुती राहण्याची सोय हवी, हे नक्की होतं. दोन-चार फोनांनंतर मालवणच्या उत्तरेला तोंडवळी गावात एक घर मिळालं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. फोनवर प्रभावहिनी म्हणून बाई बोलल्या. दोघांचं राहणं, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरून दिवसाला तीन हजारांच्या आसपास. मी चाचरत विचारलं, "आमच्या यांचं ताट खोलीत आणून द्याल का? जरा अडचण आहे." त्या म्हणाल्या, "देवया! त्यात काय आसा?" कसली अडचण, ते त्यांनी विचारलं नाही. तिथेच मी पैसे पाठवून टाकले.

गाडी मी चालवते. आधी सुधीर चालवायचे, मी शेजारी बसून त्यांना "जरा सावकाश" म्हणायचे. आता जागा बदलल्या आहेत, आणि ते मला काहीच म्हणत नाहीत. सदाशिव पेठेतून सकाळी साडेसहाला निघालो. खालच्या मजल्यावरचे काका दूध घ्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोकणापर्यंत तुम्हीच चालवणार? बरं बरं. विमा भरलाय ना?" शुभेच्छा द्यायची आमच्याकडे ही पद्धत आहे.

माझ्या वयाच्या कोणाला असा प्रवास करायचा असेल, तर माझं एकच सांगणं आहे. एका दमात जाऊ नका. आम्ही पहिल्या दिवशी कोल्हापूरला मुक्काम केला. रस्ता चांगला आहे, टोलनाक्यांवर फास्टॅगमुळे थांबावं लागत नाही. साताऱ्याच्या पुढे एका झाडाखाली गाडी उभी करून डब्यातली मेथीची ठेपली खाल्ली. सुधीर गाडीतच बसून, रस्त्याकडे पाठ करून जेवले. कोल्हापुरात संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारली आणि लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाट. दाजीपूरचं जंगल सुरू झालं की खिडक्या खाली करा, त्या वासाला तोड नाही. घाटात वळणं आहेत, ट्रकही असतात, पण त्यांच्या मागे धीर धरून चाललात तर काही त्रास नाही. कणकवली, कसाल आणि मग मालवण. पेट्रोल आणि रोख पैसे मालवणातच घेऊन ठेवा, पुढे दोन्हींचा भरवसा नाही. मोबाइलची रेंजसुद्धा तोंडवळीत अंगणातल्या एका कोपऱ्यातच येते, आणि तो कोपरा कोंबड्यांचा आहे.

तोंडवळीचा भूगोल फार सुंदर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे सुरूच्या झाडांची, माडांची लांबलचक पट्टी. घर चिऱ्याचं, पुढे वाळूचं स्वच्छ झाडलेलं अंगण. प्रभावहिनी पन्नाशीच्या, ठेंगण्या, सतत हसऱ्या. "इलास? घाट कसो होतो? बसा, पाणी घेवा," म्हणत त्यांनी कोकम सरबताचे पेले आणले. मी नेहमीप्रमाणे सुधीरचा पेला अर्धा करून दिला, म्हणजे सांडत नाही. प्रभावहिनींचे यजमान, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो, ते मासेमारी सोडून आता पाहुण्यांना होडीतून खाडी दाखवतात.

संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर गेलो. इथे मालवण-तारकर्लीसारखी गर्दी नाही. ना उंट, ना पाण्यावरच्या मोटारी, ना भेळेच्या गाड्या. सुरूच्या बनातून सुईसारख्या पानांवरून चालत गेलं की एकदम समोर समुद्र उघडतो.

मला आमच्या शाळेची सहल आठवली. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सातवीत असताना सिस्टर आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या होत्या. आम्ही चाळीस मुली, निळे फ्रॉक, पांढरे मोजे. मोजे काढायची परवानगी मिळायला अर्धा तास गेला. आणि मग आमच्या सगळ्यांत कडक, गणिताच्या सिस्टरनी आपला झगा घोट्याच्या वर इंचभर उचलला आणि त्या लाटेत जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, हसल्याही नाहीत. नुसत्या उभ्या. त्यांनासुद्धा पाय आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी हे सुधीरना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तू का मोजे घालून उभी आहेस?" मी बूट-मोजे काढले. त्यांचे काढायला वाकले तर म्हणाले, "काढतो मी." वेळ लागला, पण काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडी. भाई भरतीची वेळ बघून होडी काढतात. दोन तासांच्या फेरीचे आमच्याकडून हजार घेतले. पाणी इतकं संथ, की वल्ह्याचा आवाजही मोठा वाटावा. दोन्ही काठांना कांदळवन, त्याच्या उघड्या मुळांवर खेकडे, वर खंड्या टपून बसलेला. वाटेत लहान लहान बेटं लागतात, त्यांवर माडांच्या राया आणि एखाद-दुसरं घर. तिथली मुलं होडीतून शाळेत जातात. सुधीर पुढच्या फळीवर बसले होते. ते अचानक भाईंना विचारायला लागले, पावसात पाणी कुठवर चढतं, वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो का. भाईही खुलले. नकाशे काढणारा माणूस खाडीत आला की त्याला असे प्रश्न पडणारच. मी मधेच म्हटलं, "अहो, दमाल." दोघंही गप्प झाले. तेव्हा मला वाटलं, बरं झालं वेळेवर आठवण केली.

फिरण्याशिवाय इथे काय करायचं, असं कोणी विचारेल. सकाळी भाईंच्या ओळखीच्या मोठ्या होडीतून डॉल्फिन बघायला जाता येतं. नशीब असेल तर दिसतात. सुरूच्या शेंड्यांवर समुद्रगरुड असतो, दुर्बीण असेल तर न्या. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने तीन-चार किलोमीटर सरळ चालता येतं, वाळू घट्ट असते. पोहायचं असेल तर आधी गावात विचारा, सगळीकडचं पाणी सारखं नाही. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. त्या वेळात जेवा आणि झोपा, कारण जेवण तसंच असतं. आम्ही शाकाहारी. कोकणात तुमचं कसं होणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर घावणे आणि खोबऱ्याची चटणी, काळ्या वाटाण्याचं सांबार, तांदळाची भाकरी, सोलकढी. एके दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस. प्रभावहिनींच्या घरची माणसं पडवीत एकत्र जेवायची, गप्पांचा आवाज आमच्या खोलीत यायचा. सुधीर खोलीत, भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर पंधरा-वीस माणसं दिसली. रापण चालू होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे एक प्रचंड लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांना दोर असतात, ते किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसं धरतात आणि मागे मागे जात ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, आणि शेवटी जाळ्याचा घोळ मासळीसकट वाळूवर येतो. तास-सव्वा तास लागतो. ओढणाऱ्यांत पोरगेले पुरुष होते, साडी खोचलेल्या बायका होत्या, ऐंशीच्या घरातले एक आजोबाही होते. सगळ्यांवर देखरेख करणाऱ्याला तांडेल म्हणतात. इथले तांडेल म्हणजे आबा, काळे, शिडशिडीत, बोलायला कमी.

आम्ही बघत उभे होतो. आबांनी सुधीरकडे बघितलं आणि म्हणाले, "बघतास काय नुसते? लावा हात."

मी "अहो, यांना..." म्हणेपर्यंत सुधीर निघालेसुद्धा होते. रांगेतल्या एका माणसाने सरकून जागा दिली. सुधीरनी दोन्ही हातांनी दोर धरला.

"पाय वाळूत रोवा. मागे मागे येवा," आबा म्हणाले.

पलीकडची एक बाई ओरडली, "खंयचे गो ह्ये?"

"पुण्याचे!" रांगेतून कोणीतरी उत्तर दिलं.

"मगे दुपारचे काय कामाचे नाय. झोपतले!"

सगळे हसले. सुधीर दोर न सोडता म्हणाले, "म्हणून तर सकाळी आलोय."

आणखी मोठं हसू झालं. मी वाळूवर बसले आणि बघत राहिले. त्यांचा हात थरथरत होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. दोरच एवढा हिसके देत होता, की त्यावरचे सगळेच हात हलत होते. मी मात्र घड्याळ बघत होते. दहाची गोळी, नाश्ता झालेला नाही, ऊन चढतंय. दोनदा मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही.

जाळं वर आलं. चांदीसारखे तारले, बांगडे, थोडे खेकडे. आबांनी मोठी मासळी विकायला बाजूला काढली आणि उरलेल्या मासळीचे वाळूवर वाटे घालायला बसले. छोटे छोटे ढीग, एकामागे एक. प्रत्येक जण आपली बादली, पिशवी घेऊन पुढे येत होता. शेवटी आबांनी एका ढिगाकडे बोट दाखवलं आणि सुधीरना म्हणाले, "ह्यो वाटो तुमचो."

सुधीर धापा टाकत होते, चेहरा लालबुंद. त्यांनी काही बोलायच्या आत मी पुढे झाले. "नको नको, अहो आम्ही खात नाही. तुम्हीच ठेवा. त्यांनी आपलं गंमत म्हणून ओढलं."

मी हे अगदी गोड आवाजात म्हटलं. कोणी काही देऊ केलं की आधी नम्रपणे नाही म्हणायचं, हे शाळेत सिस्टरनी शिकवलं आणि उरलेलं सदाशिव पेठेने. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग सुधीरकडे. ते थांबले. वाट बघत होते, हे मला आता कळतं. सुधीर बोलले नाहीत. आबा म्हणाले, "रवांदे." त्यांनी तो ढीग हाताने शेजारच्या ढिगात सारला. जागा सपाट झाली. मघाशी थट्टा करणाऱ्या बाईने मान वळवली. सुधीर पाण्यापाशी गेले, हात धुतले आणि माझ्यासाठी न थांबता सुरूच्या बनाकडे चालू लागले.

मला वाटलं, दमले असतील.

घरी आल्यावर मी प्रभावहिनींना हे कौतुकाने सांगायला गेले. त्या घावणा उलटत होत्या. त्यांचा हात थांबला. "वाटो कोण परत करता काय, वहिनी?"

"अहो, पण आम्ही मासे खात नाही."

"खाऊ नको. मांजराक घाला, शेजाऱ्याक देवा. पण घेवक होयो. जो दोरयेक हात लावता तेका वाटो. म्हातारो असो, बाई असो, कालचो पावणो असो. आणि वाटो घेतलो नाय म्हणजे त्येना दोरी ओढूकच नाय, असा झाला."

घावणा तव्यावर करपला. त्यांनी तो काढला आणि दुसरा घातला.

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलो. धक्क्यावरून होडी मिळते, दहा-पंधरा मिनिटांत पोचते, आणि किल्ल्यावर फिरायला तासभर देतात. तो कमी पडतो, म्हणून आधीच बोलून ठेवा. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, हे डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नाही. पण त्या दिवशी माझं लक्ष कशात नव्हतं. सकाळपासून सुधीर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. तटावर सावलीत बसलो तेव्हा मी म्हटलं, "चुकलं माझं. मला ती पद्धत माहीत नव्हती."

"पद्धत मलाही माहीत नव्हती."

"मग?"

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "गंमत म्हणून?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"विजया, तळहाताची सालं निघालीत माझ्या. गंमत म्हणून?" त्यांनी हात पुढे केला. हात थरथरत होता आणि खरंच सोलवटला होता. "दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की माझ्याबद्दल कोणी तुला विचारलं नाही. यांना जमेल का, यांना चालेल का, काही नाही. मला म्हणाले, लावा हात. मी लावला. आणि शेवटी उत्तर तूच दिलंस."

मला रडू आलं. मी रडायला लागले की ते नेहमी पाठीवर हात ठेवतात. या वेळी ठेवला नाही. चिडून नव्हे. मला वाटतं, ते बोलले त्याचा पूर्ण भार मलाही सोसू द्यावा, असं त्यांना वाटलं असावं. थोड्या वेळाने मीच म्हटलं, "मी आबांकडे जाते. सांगते त्यांना, की..."

आणि माझं मलाच ऐकू आलं. सुधीरही हसले, जरासे. "बघ," म्हणाले. "आबांना तू काही सांगायचं नाहीस. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्ता करून निघणार होतो. म्हणजे त्यांच्या हातात एकच सकाळ उरली होती, आणि तीही आबांच्या मर्जीवर. रापण रोज लागत नाही. वारा, पाण्याचा रंग, मासळीची चाहूल, सगळं बघून तांडेल ठरवतो. संध्याकाळी वारा फिरला. भाई अंगणात उभे राहून म्हणाले, "सकाळी लागतली असा वाटणा नाय." सुधीर आत गेले. जेवून झोपले.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. औषधाची डबी उघडी, म्हणजे गोळी घेऊन गेले होते. मी शाल घेतली आणि निघाले, पण सुरूच्या बनाच्या कडेलाच थांबले. पुढे गेले असते तर बोलले असते, माझा मला भरवसा नव्हता.

होडी पाण्यात होती. रापण लागली होती. सुधीर आबांसमोर उभे होते. ते काय बोलले, ते लाटांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. चार-पाच वाक्यं असावीत, त्यांना हल्ली बोलायला वेळ लागतो. आबा पूर्ण वेळ ऐकत उभे राहिले. त्यांनी मान हलवली नाही, हसले नाहीत. मग रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाले, "जागा करा रे."

वारा फिरल्याने मासळी फार आली नाही. तासभर ओढून जाळं वर आलं तर घोळ निम्मासुद्धा भरला नव्हता. वाटे एवढे एवढेसेच झाले. सगळ्यांच्या बादल्या होत्या, सुधीरकडे काहीच नव्हतं. त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली आणि पुढे केली. मघाची, नव्हे, आदल्या दिवशीची ती थट्टेखोर बाई खो खो हसली, "गे बाय, पुण्याची पिशवी बघा!" आणि आबांनी त्या टोपीत मोजून सात तारले टाकले.

ते माझ्याकडे चालत आले तेव्हा टोपी थरथरत होती. एक मासा वाळूवर पडला. माझा हात पुढे गेला, तो मी शालीत गुंडाळून घेतला. सुधीर वाकले, तीनदा निसटलेला तो मासा चौथ्यांदा पकडला, वाळू झटकली आणि टोपीत ठेवला. "चल," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी टोपी प्रभावहिनींसमोर धरली. "माझा वाटा. घरात द्यायला आणलाय."

प्रभावहिनींनी पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी ती टोपी घेतली. "मगे जेवल्याशिवाय जावचा नाय," त्या म्हणाल्या. "आणि ताट खोलीत गावचा नाय. वाटो आणणारो माणूस पडवीत बसता."

मी सुधीरकडे बघितलं. बोलले नाही. हे किती कठीण गेलं, ते माझं मला माहीत.

"बसतो की," ते म्हणाले.

आम्ही दुपारी जेवून निघालो. पडवीत भाई, प्रभावहिनी, त्यांची सून, आम्ही दोघं. त्यांनी तारल्यांचं तिखलं म्हणजे झणझणीत कालवण केलं होतं, आमच्यासाठी वाटाण्याचं सांबार. सुधीरच्या पहिल्याच घासाला भात पाटावर सांडला. सोलकढीची वाटी उचलली, ती ओठांपर्यंत जाताना अर्धी सदऱ्यावर. भाई खाता खाता खाडीतला वाळूचा दांडा कुठे सरकला ते सांगत होते आणि सुधीर सदरा भिजलेला तसाच ठेवून त्यांना विचारत होते, "पण मग पात्र उत्तरेला का नाही वळत?" प्रभावहिनींनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली. अर्धी नाही. काठोकाठ. तीही सांडली. तिसरी भरली.

परतीचा प्रवास आलो तसाच, मधे कोल्हापूर. गाडीत मासळीचा वास होता, कारण धुतलेली टोपी मागच्या खिडकीत वाळत होती. ज्यांना जायचं असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. पाच-सहा दिवसांत दोघांचा सगळा खर्च वीस हजारांच्या आत-बाहेर होतो. आणि रापण दिसली तर नुसती बघू नका. हात लावा, आणि वाटा घ्या. खात नसाल तरी घ्या.

आता घरी येऊन आठवडा होत आला. सगळं बदललं, असं काही लिहिणार नाही. हात थरथरतोच. परवा बँकेत मी पुन्हा त्यांच्या आधी बोलले, आणि अर्ध्या वाक्यात गप्प झाले. दोन वर्षांची सवय एका टोपीभर माशांनी जात नाही.

काल संध्याकाळी नागपूरहून नणंदेचा फोन आला. नेहमीसारखा माझ्याच फोनवर. "वहिनी, झालं का कोकण? दादा कसा आहे? झेपलं ना त्याला? जेवत होता ना नीट?"

उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. मी फोन सुधीरच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "हं, बोल. मी बोलतोय... अगं हो, हात हलतो तसाच. ते सोड. मी तिथे रापण ओढली. काय म्हणजे काय, मासेमारी! दोन दिवस. मग, मिळाला ना वाटा. चांगले पंचवीस-तीस तरी मासे असतील."

मी समोरच बसले होते. ऐकत होते. काही बोलले नाही.